कॉल ते कॅब : नव्या असिस्टंट लोको पायलटनी ड्यूटीवर पोचायचं कसं

असिस्टंट लोको पायलट म्हणजे इंजिनचालकाचा मदतनीस. ट्रेनिंगमध्ये तुम्हाला ब्रेक शिकवतात, सिग्नल शिकवतात, इंजिनातला फॉल्ट शोधायला शिकवतात. पण रात्री पावणेदोनला ड्यूटीचा कॉल आलाय, बाहेर पाऊस कोसळतोय, स्टँडवर एक रिक्षा नाही आणि पावणेचारला लॉबीत, म्हणजे गाडीवरच्या लोकांच्या हजेरीच्या ऑफिसात, हजर व्हायचंय, तेव्हा काय करायचं हे कुणी शिकवत नाही. ते ज्याचं त्यानं शिकायचं, आणि शिकता शिकता दोन-चार वेळा उशिराचा खुलासा लिहून द्यायचा.

मी मध्य रेल्वेवर आधी मालगाड्या आणि मग मेल-एक्सप्रेस चालवल्या. नव्या पोरांची पहिल्या वर्षातली गडबड इंजिनात कमी आणि घरापासून इंजिनाच्या कॅबपर्यंतच्या, म्हणजे चालकाच्या केबिनपर्यंतच्या, वाटेवर जास्त होते, असं मी पाहिलंय. २०२४ च्या भरतीत असिस्टंट लोको पायलटच्या जागा आधी ५,६९६ निघाल्या होत्या, त्या वाढवून १८,७९९ केल्या. म्हणजे खूप पोरं पहिल्यांदाच घर सोडून कल्याण, भुसावळ, दौंड, सोलापूर असल्या ठिकाणी येणार. त्यांच्यासाठी हे लिहितोय. प्रत्येक डिव्हिजनच्या पद्धतीत थोडा फरक असतो, तेवढा आपल्या लॉबीत विचारून घ्या.

खोली घेण्याआधी रात्री दोनला चालून बघा

क्वार्टर मिळेपर्यंत बहुतेक जण भाड्याची खोली बघतात, आणि बघतात ती दुपारी. दुपारी सगळंच जवळ वाटतं. खोलीवाल्याला ॲडव्हान्स द्यायच्या आधी एकदा रात्री दोनच्या सुमारास त्या खोलीपासून लॉबीपर्यंत पायी जाऊन बघा. किती मिनिटं लागतात, दिवे कुठपर्यंत आहेत, कुत्री कुठल्या चौकात अंगावर येतात, फाटक लागतं का आणि लागत असेल तर ते किती वेळ बंद राहतं. भुसावळसारख्या जंक्शनच्या गावात रुळाच्या अलीकडे राहायचं की पलीकडे, यावर तुमच्या पुढच्या पाच वर्षांची झोप ठरते. आपल्याच खात्याच्या मालगाडीनं फाटक अडवलं म्हणून लॉबीत उशीर झाला, हे कारण खरं असलं तरी कुणी ऐकून घेत नाही.

माझं मत विचाराल तर दोन-अडीच किलोमीटरच्या बाहेर जाऊच नका. भाडं हजार रुपयांनी जास्त पडलं तरी चालेल. बाइक असली तरी पायी पोचता येईल एवढंच अंतर ठेवा. बाइक पंक्चर व्हायची ती कॉलच्या रात्रीच होते.

कॉल कसा येतो, कसा घ्यायचा

पूर्वी कॉलबॉय यायचा. सायकल, हातात बॅटरी, बगलेत कॉलबुक. दारावर थाप मारून गाडीचा नंबर आणि साइन-ऑनची, म्हणजे लॉबीत हजेरी लावायची, वेळ सांगायचा, तुम्ही झोपेतच वेळ टाकून सही करायची. आमच्या कॉलनीत एक कॉलबॉय असा होता की त्याच्या हाकेनं अख्खी चाळ उठायची आणि ज्याचा कॉल तोच झोपलेला राहायचा. आता बहुतेक ठिकाणी फोन आणि मेसेज. क्रू मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे सगळे ज्याला सीएमएस म्हणतात, त्यात तुमचा शेवटचा साइन-ऑफ, तुमचा रेस्ट आणि बोर्डावरचा तुमचा नंबर हे सगळं दिसत असतं. ही यंत्रणा रेल्वेच्या क्रिस या संस्थेनं बनवलेली आहे. त्यांचंच ‘चालक दल’ नावाचं मोबाइल ॲप आहे, ते पहिल्याच दिवशी कुणा सीनियरकडून समजून घ्या.

मेल-एक्सप्रेसवाल्यांना लिंक असते. कुठल्या दिवशी कुठली गाडी, हे आधी ठरलेलं. तुम्ही नवे, तुम्हाला माल. मालाला लिंक नाही. जो आधी आला तो आधी निघणार, त्यामुळे बोर्डावर तुमच्या पुढे किती जोड्या (एक लोको पायलट, एक असिस्टंट) आहेत ते बघून अंदाज बांधायचा. तीन जोड्या पुढे आहेत म्हणून पिक्चरला गेलात, आणि पुढच्या दोघांनी सिक केलं, म्हणजे आजारी असल्याचं कळवलं, की इंटरव्हलला कॉल आलाच.

कॉल साधारण दोन तास आधी येतो. फोनवर फक्त ‘हो साहेब’ म्हणून ठेवू नका. तीन गोष्टी विचारा: वर्किंग आहे की स्पेअर, साइन-ऑन किती वाजता, आणि लोको पायलट कोण. वर्किंग म्हणजे इथूनच गाडी घेऊन निघायचं. स्पेअर म्हणजे दुसऱ्या कुठल्या गाडीनं प्रवासी म्हणून जाऊन तिथली गाडी घ्यायची. या दोन्हींसाठी बॅग वेगळी भरावी लागते, डबा वेगळा न्यावा लागतो. लोको पायलट कोण हे कळलं की त्याला एक फोन करा. त्याच्याकडे बाइक असेल आणि तुमचं घर वाटेत असेल, तर अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

रेस्ट पूर्ण झालेला नसताना कॉल आला तर भांडू नका आणि गप्पही बसू नका. ड्यूटी आठ तास किंवा त्याहून जास्त झाली असेल तर हेडक्वार्टरला, म्हणजे आपल्या नेमणुकीच्या ठिकाणी, १६ तास रेस्ट, त्याहून कमी असेल तर १२ तास. “साहेब, माझा रेस्ट अमुक वाजता पुरा होतोय, सीएमएसला बघता का?” एवढं म्हटलं की बहुतेक वेळा काम होतं. कंट्रोल रूमवर बसलेला माणूसही रात्रपाळीचाच असतो. फोन बंद करून ठेवणं हा मात्र सगळ्यात वाईट उपाय. त्याची नोंद होते, आणि तुमच्याऐवजी ज्याला झोपेतून उठवतात तो तुम्हाला वर्षभर विसरत नाही.

दोन तासांचा हिशेब उलटा करा

साइन-ऑन ३:४५ ला. लॉबी पायी पंचवीस मिनिटांवर. दहा मिनिटं हाताशी ठेवायची. म्हणजे ३:१० ला दाराला कुलूप. त्याआधी आंघोळ, डबा, बॅग मिळून चाळीस मिनिटं, म्हणजे २:३० ला उठायचं. कॉल १:४५ ला आलाय. मधली पाऊण तास झोप घ्यायची की नाही? मी पहिली दोन वर्षं घ्यायचो. मग एकदा तीनचा गजर बंद करून पुन्हा झोपलो, तेव्हापासून कॉल आला की पाय जमिनीवर. तुम्हाला जमत असेल तर झोपा, पण गजर पलंगापासून लांब ठेवा.

खरी झोप कॉलच्या आधीच झालेली पाहिजे. १६ तासांचा रेस्ट ऐकायला भरपूर वाटतो. पण सकाळी सातला घरी आलेला माणूस भाजी आणतो, बँकेत जातो, दुपारी पाहुणे येतात, आणि झोपायला जातो रात्री दहाला. चौदाव्या तासाला कॉल येऊ शकतो, म्हणजे रात्री नऊलाच! ऑल इंडिया लोको रनिंग स्टाफ असोसिएशनची बरीच वर्षं मागणी आहे की पिरियॉडिक रेस्टचे, म्हणजे साप्ताहिक सुट्टीचे, ३० तास या १६ मध्ये न मिसळता वेगळे मोजावेत, म्हणजे सलग ४६ तास घरी मिळतील. ते होईल तेव्हा होईल. तोवर घरी आल्यावर आधी झोप, मग बाजार. खिडकीला जाड काळा पडदा लावा, बेलची वायर काढून ठेवा, पण फोन सुरू राहू द्या आणि फोनची रिंग तुमच्या लॉबीच्या नंबराला वेगळी लावा. शेजाऱ्यांना एकदा नीट सांगून ठेवा की दुपारी हा माणूस झोपलेला असतो. आमच्या हिनं दाराबाहेर पाटी लावली होती: ‘नाइट करून आलेत. काम असल्यास चारनंतर.’ लोक हसायचे, पण थांबायचे.

बॅग

आमच्या वेळी लोखंडी लाइन बॉक्स असायचा. तो उचलायला बॉक्सपोर्टर. आता त्याची जागा ट्रॉली बॅग घेतेय. ही बॅग गुळगुळीत प्लॅटफॉर्मवर छान चालते. खडीवर चालत नाही. तेव्हा ओझं जेवढं खांद्यावर पेलेल तेवढंच ठेवा.

सरकारी सामान कुठलं, ते लॉबी सांगेलच: लाल आणि हिरवे झेंडे, तिरंगी टॉर्च, डेटोनेटर, नियमांची पुस्तकं, वर्किंग टाइमटेबल, इंजिनाच्या फॉल्टची पुस्तिका. चष्मा लागला असेल तर दुसरा जोड बरोबर असायलाच हवा, तो नियमच आहे. घरून न्यायच्या वस्तू मात्र कुणी सांगत नाही. एक पातळ सोलापुरी चादर. रनिंग रूमचा, म्हणजे बाहेरगावच्या मुक्कामाच्या खोलीचा, पंखा किंवा एसी, दोघांपैकी एक तरी त्रास देतोच. मच्छर अगरबत्ती. दोन लिटर पाणी. कोरडा डबा, म्हणजे भाकरी-ठेचा, धपाटे, दशम्या, जे चोवीस तास टिकेल ते. आमटी नको, इंजिन हलतं. पावसाळ्यात रेनकोटच घ्या. एका हातात बॅग आणि एका हातात टॉर्च असताना छत्री धरायला तिसरा हात नसतो. आणि एक छोटी वही, तिचं काम पुढे येईल.

लॉबीत

इथे लांबड लावत नाही, कारण हे तुम्हाला शिकवलेलं आहे. ओळखपत्र, मशीनवर नोंद, ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकर, नवी सर्क्युलर वाचून मान्य करणं, कॉशन ऑर्डर, वॉकी-टॉकी. टी/४०९, म्हणजे कॉशन ऑर्डरचा कागद, हातात आला की लोको पायलटबरोबर बसून वाचा, निघण्याच्या घाईत घडी घालून खिशात टाकू नका.

फुंकर मारायच्या मशीनबद्दल मात्र एक सांगतो. न पिणाऱ्यालाही ते कधी कधी अडवतं. खोकल्याची काही औषधं, माउथवॉश, होमिओपॅथीचे थेंब. २०२५ च्या फेब्रुवारीत केरळात तिरुवनंतपुरम डिव्हिजननं ड्यूटीआधी शहाळं आणि काही जातींची केळीसुद्धा नकोत असं पत्रक काढलं होतं. देशभर चर्चा झाली आणि ते मागं घेतलं गेलं. तुम्ही शहाळं खुशाल प्या, पण औषध घेतलं असेल तर चिठ्ठी जवळ ठेवा आणि फुंकर मारायच्या आधी सांगा, नंतर नको.

आणि लॉबी सोडण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन या. हसू नका. आपल्या बहुतेक इंजिनांत ती सोय अजून नाही, आणि मालगाडी एकदा लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या लाइनीवर, उभी राहिली की कधी सुटेल ते सांगता येत नाही. मुलींना याचा त्रास सगळ्यात जास्त होतो. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ साली असिस्टंट ड्रायव्हर झाल्या आणि १३ मार्च २०२३ ला त्यांनी सोलापूर-मुंबई वंदे भारत चालवत आणली. एवढ्या वर्षांत गाड्या बदलल्या, इंजिनातली ही अडचण मात्र फारशी हलली नाही. नव्या मुलींनी लॉबीतल्या सीनियर बायकांना पहिल्याच आठवड्यात गाठावं. कुठल्या स्टेशनवर काय सोय आहे, कुठली रनिंग रूम बरी, हे त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नसतं.

स्पेअर जाणं

आता मुख्य विषय. तुमची गाडी नेहमी तुमच्या लॉबीसमोर उभी नसते. कधी गाडी इगतपुरीत येऊन थांबलेली असते आणि तिथे जोडी नसते. कधी मधल्या एखाद्या छोट्या स्टेशनवर आधीच्या जोडीचे तास भरलेले असतात. सलग रनिंग ९ तास आणि साइन-ऑन ते साइन-ऑफ एकूण ११ तास, यापलीकडे ताणू नये असा रेल्वे बोर्डाचा दंडक आहे. तास भरत आले की गाडी लूपमध्ये घालतात आणि लॉबीला फोन येतो: जोडी पाठवा. ती जोडी म्हणजे तुम्ही.

पहिलं काम, स्पेअर असलात तरी साइन-ऑन आपल्या लॉबीतच करायचं, ज्या गाडीनं जाणार तिच्या नंबरासकट. ‘तिकडे गेल्यावर करू’ म्हणालात की तुमचे प्रवासाचे तास हवेत गेले. संध्याकाळी सहाला घर सोडलेला माणूस रात्री अकराला इंजिनात चढतो आणि कागदावर त्याची ड्यूटी अकरालाच सुरू झालेली दिसते. पहाटे सहाला त्याचे डोळे मिटायला लागतात तेव्हा त्या कागदाचा काही उपयोग नसतो.

दुसरं, जायचं कशानं. मेल-एक्सप्रेस मिळाली तर बरं. ड्यूटी पास आणि ओळखपत्र वरच्या खिशात ठेवा. पासवर बसला आहात, बर्थ तुमच्या नावाचा नाही, हे ध्यानात असू द्या. टीटीईला चढल्या चढल्या जाऊन सांगा, “स्पेअर आहे, मनमाडला उतरतोय.” तो जागा दाखवतो. जागा नसेल तर गार्डाच्या डब्याकडे जा. गार्डाला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण गार्डसाहेब म्हटलं तरी कुणी रागवत नाही. रिझर्व्हेशनवाल्या प्रवाशाशी सीटवरून वाद घालायचा नाही. त्यानं पैसे भरलेत.

झोपायचं का? झोपाच. पुढे तुम्हाला गाडी चालवायची आहे. पण दोघांनी आळीपाळीनं, आणि उतरायच्या आधीच्या स्टेशनचा गजर लावून. माझ्या बॅचचा एक जण चाळीसगावला उतरायच्या ऐवजी भुसावळला जागा झाला. शंभराच्या आसपास किलोमीटर पुढे. त्याची मालगाडी मागे लूपमध्ये, आधीची जोडी इंजिनात शिव्या घालत बसलेली.

एक्सप्रेस नसेल तर मालगाडीच्या इंजिनाची मागची कॅब. सीएमएसला तुमचं स्पेअर त्या गाडीवर टाकलेलं असेल तरच चढायचं, ‘ओळखीचा आहे’ म्हणून नाही. मागच्या कॅबमध्ये बसल्यावर हात मांडीवर. कुठलाही स्विच, कुठलंही हँडल, काहीही हलवायचं नाही. एका उन्हाळ्यात माझ्याबरोबरच्या पोरानं टेकायला सोयीचं म्हणून बॅग ब्रेकच्या हँडलावर अडकवली होती. मी बघितलं म्हणून बरं. नव्या इंजिनांत एसी आहे, जुन्यात मेच्या दुपारी लोखंडाच्या पेटीत बसल्यासारखं होतं. कानात कापूस घाला. पुढच्या कॅबमध्ये गप्पा मारायला जाऊ नका. ते काम करताहेत.

शेवटचा पर्याय ब्रेकव्हॅन, म्हणजे मालगाडीच्या शेपटाचा गार्डाचा डबा. दिवा नाही, पंखा नाही, आणि रिकाम्या वॅगनच्या मागं लागलेली असेल तर दात वाजतात. तिथे चहा पिऊ नका, शर्टावर सांडतो. बाकडं आहे, त्यावर चादर अंथरून पाय पसरा.

जाताना रिकामा वेळ वाया घालवू नका. सेक्शन नवा असेल तर एलआर, म्हणजे लर्निंग रोडच्या ट्रिपा वेगळ्या मिळतात. रस्ता माहीत नसताना नियमानं तिथे गाडी चालवताच येत नाही. तरीही स्पेअरच्या प्रवासात दारात उभं न राहता खिडकीतून बघत चला: कुठलं स्टेशन, त्यात लूप कुठल्या बाजूला, सिग्नल कुठल्या वळणानंतर दिसतो. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत थळ घाटात किंवा कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत भोर घाटात १:३७ चा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. चढताना मागं बँकर इंजिनं ढकलतात. तो चढ एकदा प्रवासी म्हणून दिवसाउजेडी बघून ठेवला की रात्री पुस्तकातल्या आकड्यांना डोंगर दिसायला लागतो. कोकण रेल्वेवर, रत्नागिरी-मडगाव बाजूला गेलात, तर बहुतेक लाइन एकेरी. समोरच्या गाडीच्या क्रॉसिंगसाठी तुमची गाडी कुठल्या स्टेशनवर किती थांबेल याचा नेम नाही, म्हणून तिकडे स्पेअरला नेहमीपेक्षा एक डबा जास्त.

जीपनं जायचं असेल तर

मधल्या स्टेशनवरच्या उभ्या गाडीसाठी, म्हणजे स्टेबल लोडसाठी, लॉबी बरेचदा भाड्याची गाडी देते. बोलेरो किंवा तत्सम. स्पेअरचा हा प्रकार आरामाचा वाटतो आणि तोच मला सगळ्यात जास्त धोक्याचा वाटतो. रेल्वेत तुमच्यासाठी सिग्नल आहे, कंट्रोल आहे. रस्त्यावर रात्री तीनला फक्त एक ड्रायव्हर आहे आणि तो दिवसभर कुठे होता हे तुम्हाला ठाऊक नाही. पुढच्या सीटवर तुमच्यापैकी जो ताजातवाना असेल तो बसेल, आणि ड्रायव्हरशी बोलत राहील. बेल्ट सगळ्यांनी. ड्रायव्हर जांभया देत असेल तर ढाब्यावर थांबवून चहा पाजा. दहा मिनिटं उशीर झाला तर होऊ द्या, लॉबीला कळवा.

दुसरा घोळ रस्त्याचा. रेल्वेचं स्टेशन आणि त्याच नावाचं गाव यांत कधी तीन किलोमीटर अंतर असतं. मोबाइलचा नकाशा गावात नेऊन सोडतो. एकदा असंच पावसात रात्री अडीचला आमची जीप एका शेताच्या बांधाशी येऊन थांबली. समोर चाळीस पावलांवर आमची गाडी, इंजिनाचा दिवा दिसतोय, आणि मध्ये नाला. ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, पोचलो ना?” पोचलो होतो, फक्त चुकीच्या बाजूला. मागे फिरून फाटकापर्यंत जाऊन पुन्हा स्टेशनच्या बाजूनं येईपर्यंत पाऊण तास गेला. आधीच्या जोडीच्या असिस्टंटनं आम्हाला त्या किनाऱ्यावर पाहिलं होतं. त्याला वाटलं आम्ही भुतं.

तेव्हापासून ती वही. प्रत्येक छोट्या स्टेशनसाठी दोन ओळी: रस्ता कुठल्या बाजूनं, शेवटचं फाटक कुठलं, तिथून चालायचं किती, चहा कधीपर्यंत मिळतो. नांदगाव, नायडोंगरी, हिरापूर, कजगाव, नगरदेवळा अशा स्टेशनांच्या माझ्या नोंदी नंतर लॉबीतल्या सात-आठ जणांनी उतरवून घेतल्या. तुमच्या सेक्शनची तुम्ही करा.

लोकलवाल्यांचं वेगळं

पुढे मोटरमन झालात तर गणित उलटं होतं. मुंबईत रात्री एकच्या सुमारास लोकल थांबतात आणि पहाटे चारच्या आसपास सुरू होतात. जी लोकल सगळ्यांना कामावर नेते, तिच्या मोटरमनला नेणारी लोकल कुठली? कुठलीच नाही. म्हणून पहिल्या लोकलवाला घरून निघत नाही, तो आदल्या रात्रीच येऊन रनिंग रूममध्ये झोपतो. कर्जत-कसाऱ्यासारख्या टोकाला शेवटची लोकल घेऊन जाणारा साधारण तिथेच झोपतो आणि पहाटेची घेऊन परत येतो. बदलापूर-टिटवाळ्याला घर असलेल्यांनी रात्रीची शेवटची गाडी हीच आपली कॉलची वेळ समजायची. पावसाळ्यात तर एक गाडी आधीचीच पकडा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईच्या लोकल जिथल्या तिथे थांबल्या. तसा दिवस पुन्हा न येवो, पण त्याच्या निम्म्या पावसातही कुर्ला-शीव दरम्यान रूळ दिसेनासे होतात.

प्लॅटफॉर्म संपल्यावरची दोनशे पावलं

हा प्रवासाचा सगळ्यात छोटा टप्पा, आणि माणसं जातात ती इथेच. इंजिन यार्डात शेवटच्या लाइनीवर आहे, मध्ये चार लाइनी. इलेक्ट्रिक इंजिन उतारावर आवाज न करता येतं. डिझेलच्या काळात निदान कानाला कळायचं.

ठरलेल्या पायवाटेनंच जा. रूळ ओलांडायचा तर सरळ काटकोनात, तिरपं नाही. पाय स्लीपरवर किंवा खडीवर द्या, रुळावर नाही, पावसात तो साबणासारखा असतो. सांध्याच्या जागी तर पाय देऊच नका, पॉइंट कधी फिरेल सांगता येत नाही. उभ्या वॅगनच्या खालून किंवा कपलिंगवरून जाणं हा शॉर्टकट सगळे सीनियर तुम्हाला करून दाखवतील. तेवढं त्यांच्याकडून शिकू नका, त्या रेकला मागून कधी इंजिन लागेल ते त्यांनाही माहीत नसतं. उभ्या गाडीला वळसा घालताना शेवटच्या डब्यापासून चांगलं अंतर ठेवून जा. इयरफोन बॅगेत. फोन कंट्रोलचा असला तरी दोन लाइनींच्या मध्ये सुरक्षित जागा बघून थांबून घ्या. वर २५ हजार व्होल्टची तार आहे, म्हणून कशाच्याही छतावर, कुठल्याही कारणानं, चढायचं नाही.

इंजिनापाशी पोचलात की आधीच्या जोडीला घाई असते. त्यांचे तास भरलेत, त्यांना रनिंग रूमची खिचडी दिसायला लागलेली असते. तरी दोन मिनिटं अडवा. इंजिनात काही त्रास आहे का, ब्रेक कसा लागतो, कुठे काही वेगळं जाणवलं का. लॉगबुकात जे लिहिलं नाही ते तोंडी कळतं. मग हँड्रेलला दोन्ही हातांनी धरून चढा, बॅग आधी वर ढकलून.

आणि परत

हे लोक विसरतात. आउटस्टेशनला आठ तासांची झोप काढून दुसरी गाडी घेऊन हेडक्वार्टरला आलात, सकाळी साडेसहाला साइन-ऑफ केलं, हातात बाइकची किल्ली. रात्रभर डोळे ताणून सिग्नल बघितलेला माणूस त्या सात मिनिटांच्या रस्त्यावर झोपतो. माझ्या ओळखीच्या दोघांचे अपघात झाले ते ड्यूटीवर जाताना नाही, ड्यूटीवरून येताना. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटत असेल तर बाइक लॉबीच्या स्टँडवरच राहू द्या, रिक्षानं जा, किंवा लॉबीच्या बाकावर वीस मिनिटं आडवे व्हा. बाइक दुपारी चारनंतर कुणाला तरी सांगून आणता येते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की साइन-ऑफनंतर तासभर फोन लागला नाही तर घाबरायचं नाही, तुम्ही बाकावर झोपलेले असाल.